बकरीचे केस झडतात, अंग खाजवते: औषधाआधी काय बघायचं आणि मटणाचं काय करायचं

दिवाळी उलटली आणि सातपुड्याकडून गार वारं सुटलं की चोपडा-यावलच्या पट्ट्यात हमखास एक विचारणा येते. "भो, बकरीना केस जाई राह्यनात, कोणतं इंजेक्शन मारू?" इंजेक्शनचं नाव मेडिकलवालाही सांगतो. पण केस झडायची कारणं सहा-सात आहेत, आणि त्यातली निम्मी इंजेक्शनने जात नाहीत. मी डॉक्टर नाही. घरच्या बकऱ्या आहेत आणि दर हिवाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांवर हीच कटकट निस्तरायला जावं लागतं. मी ज्या क्रमाने बघतो तोच इथे लिहितो. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

बकरी भिंतीला, खुंट्याला, बाभळीच्या खोडाला अंग घासते. चरता चरता थांबून मागच्या पायाने मान खाजवते, दाताने कुशीचे केस उपटते. केस जागोजाग विरळ होतात, उरलेले राठ आणि उभे राहतात, चकाकी जाते. हात फिरवला की कोंडा पडतो. कुणाच्या नाकाभोवती आणि कानाच्या कडेला पांढुरक्या खपल्या धरतात, तिथली चामडी जाड होऊन सुरकुतते. दूध घटतं, करडं आईला पिऊनही भरत नाहीत.

आणि एक वेगळा प्रकार: केस जातात, पण बकरी खाजवत नाही. हा वेगळाच धरायचा. त्याचं मूळ बहुतेक वेळा पोटात किंवा चाऱ्यात असतं, अंगावर नसतं. म्हणून हात लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. खाजवते का, किती बकऱ्या खाजवतात, अंगाचा कोणता भाग घासतात.

केस कुठले गेले?

पैसे लागत नाहीत, पण बहुतेक लोक हे करत नाहीत.

फक्त मानेखाली पट्टा गेला असेल तर आधी गव्हाण बघा. कड उंच असली, फळी खरबरीत असली की रोज मान घासून केस जातात. दाव्याचंही तेच, नायलॉनची दोरी तर चामडीच सोलते. कड उतरवा, दोरी बदला, विषय संपला.

शिमग्याच्या सुमारास अंगभर बारीक मऊ लव गळून पडते, खालून नवे केस चकचकीत निघालेले असतात. ती थंडीची लव आहे, ती जायचीच. मोठं दुखणं, ताप किंवा अवघड वेत होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी केस गळतात, तेही खाणं सुधारलं की भरून येतं. या दोन्हींवर औषध घालणं म्हणजे पैसा वाया.

पाठ, मान, कुशी आणि शेपटीच्या बुडाशी खाज असेल तर पहिला संशय उवांचा. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड. नाक, ओठ, डोळ्यांभोवती आणि कानाच्या कडेवर खपल्या असतील तर खरूज. खुराच्या वर पायावर खपल्या असल्या तर तीही खरूजच, पण दुसऱ्या जातीच्या किड्याची. रुपयाएवढे गोल, राखाडी, भुसभुशीत चट्टे म्हणजे गजकर्ण. ते माणसाला लागतं, लहान पोरांना अशा करडाशी खेळू देऊ नका.

केस फाकून बघा

सकाळचं कोवळं ऊन पाठीवर घ्या, बकरी आडवी धरा आणि खांद्यामागचे केस दोन्ही अंगठ्यांनी फाका. उवा उन्हात हलतात. पिवळसर तपकिरी, तांबूस डोक्याची ती चावणारी ऊ, चामडीवरचा कोंडा खाते. निळसर करडी, जागेवर रुतून बसलेली ती रक्त पिणारी. लिखा केसाच्या बुडाशी चिकटलेल्या असतात, नखाने ओढल्या तरी निघत नाहीत. दिसत नसेल तर डोक्याच्या उवांची बारीक फणी केसांतून फिरवून पांढऱ्या कपड्यावर झाडा.

हा फरक कशाला पाहिजे? कारण इंजेक्शन, म्हणजे बहुधा आयव्हरमेक्टिन, चामडीखाली जातं आणि रक्तातून किड्यापर्यंत पोचतं. रक्त पिणारी ऊ त्याने मरते, कोंडा खाणारीवर ते धड चालत नाही. "आयव्हरमेक्टिन मारलं, तरी उवा तशाच" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आधी ऊ कोणती हेच विचारतो. चावणाऱ्या उवेला अंगावर लावायचं औषध लागतं, फवारून किंवा पाठीवर ओतून.

दुसरी गोम लिखांची. कोणत्याही औषधाने लिखा बहुधा मरत नाहीत. नऊ ते चौदा दिवसांत त्या फुटतात आणि वाडा पुन्हा भरतो. म्हणून दुसरा हात बारा-चौदा दिवसांनी मारायचाच, बकरी बरी दिसली तरी. आणि वाड्यातल्या सगळ्या बकऱ्यांना एकाच दिवशी. एक जरी सोडली तरी तिच्याकडून सगळ्यांना परत. बकरीच्या उवा माणसावर टिकत नाहीत, तेवढी धास्ती नको.

थंडीतच हे का वाढतं, तर केस दाट असतात, ऊन कमी मिळतं, आणि रात्री गारठा झोंबतो म्हणून बकऱ्या अंगाला अंग लावून बसतात. दुपारच्या उन्हात वाडा मोकळा सोडला तरी फरक पडतो.

गोचीड आणि वाडा

गोचीड दिसला की ओढून काढायचा मोह होतो, आणि काढला की नखावर चिरडायचा. तो चिरडू नका. भारतात काँगो तापाची पहिली खात्री २०११ च्या जानेवारीत शेजारच्या गुजरातमध्ये, अहमदाबाद जिल्ह्यात झाली. तो आजार गोचिडातून आणि जनावराच्या ताज्या रक्तातून माणसाला होतो, जनावर मात्र धडधाकट दिसतं. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून चिमट्याने चामडीलगत धरा, सरळ ओढा, रॉकेलच्या डबीत टाका.

अंगावर दिसतात त्यापेक्षा जास्त गोचीड भिंतीत असतात. मादी रक्त पिऊन गळून पडते आणि कुडाच्या, दगडांच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. बकरीला दहा वेळा फवारलं आणि भिंत तशीच ठेवली तर पुढच्या महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. फटी शेण-मातीने किंवा सिमेंटने बुजवा, चुना मारा, खालची लेंड्यांची जुनी थर खरवडून उकिरड्यावर न्या.

आणि बाजारातून आणलेली बकरी. वरखेडीच्या नाहीतर सावद्याच्या बाजारातून आणली आणि त्याच संध्याकाळी दावणीला बांधली, की तिच्यासोबत जे आलं ते सगळ्यांचं झालं. तीन आठवडे वेगळी बांधा. परसात, खळ्यात, कुठेही, पण एका गव्हाणीवर नको.

चारा: सुबाभूळ आधी विचारा

न खाजवता केस जात असतील तर मी पहिला प्रश्न विचारतो, "सुबाभूळ किती टाकता?" बांधावर सुबाभूळ आहे, पाला हिरवा, बकऱ्या तुटून पडतात, उन्हाळ्यात दुसरं काही नसतं. पण त्या पाल्यात, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. ते केसाच्या मुळाची वाढ थांबवतं, म्हणून केस ओढले की झुबक्याने हातात येतात आणि खाली चामडी मात्र स्वच्छ, ना खपली ना कोंडा. असं दिसलं की आठवडाभर सुबाभूळ बंद. नंतर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. बाकी ज्वारीचा कडबा, बोरी-बाभळीचा पाला, तुरीचं कुटार. केस परत येतात.

डोळे, तोंड आणि पायांवर खपल्या, पण खाज नाही, किडा नाही, असं असेल तर जस्त कमी पडलेलं असू शकतं. नुसत्या लसूणघासावर ठेवलेल्या बंदिस्त शेळीपालनात हे जास्त. खनिज मिश्रण मोठ्या बकरीला रोज १० ग्रॅमच्या आसपास भरड्यात द्या, किंवा चाटण वीट टांगा. दोन्ही स्वस्त आहेत. फरक दिसायला महिना लागतो, आठवड्यात निकाल मागू नका.

पापणी आणि लेंड्या

खालची पापणी अंगठ्याने ओढा. आतला भाग लालगुलाबी असायला हवा. फिकट, पांढुरका असेल तर पोटात रक्त पिणारा जंत आहे असं धरा. केस राठ आणि निस्तेज होण्यामागे उवांपेक्षा हेच कारण कितीतरी वेळा निघतं, आणि अशी रोडावलेली बकरी उवांनाही आधी बळी पडते. जबड्याखाली पाण्याची मऊ सूज दिसली तर उशीर झालाय.

चार-पाच बकऱ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पुडीत बांधून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. तपासणी स्वस्तात होते आणि जंत कोणता ते कळतं. तापीच्या पाटचारीला, दलदलीत चरणाऱ्या बकऱ्यांत गोगलगायीमार्फत येणारा यकृतातला चपटा कृमी निघतो, आणि त्याला साधं जंताचं औषध पुरत नाही. दर दोन महिन्यांनी अंदाजे तेच औषध पाजत राहिलात तर जंत त्या औषधाला दाद देईनासा होतो. गाभण बकरीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजू नका.

खरूज: इथून पैसे लागतात

खपल्या नाकापासून कानाकडे आणि मग काखा-जांघांत पसरत असतील, चामडी जाड झाली असेल आणि बकरी खाणं सोडून खाजवत असेल, तर ही खरूज. किडा डोळ्याला दिसत नाही, चामडीत बिळं करून राहतो. डॉक्टर खपलीच्या कडेला रक्त दिसेपर्यंत खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कडेलाच खरवडतात, कारण जिवंत किडा तिथे असतो, मधे नाही.

रुपयाएवढी एकच जागा असेल तर केस कापा, कोमट साबणपाण्याने खपली मऊ करून काढा आणि करंजीच्या तेलात गंधक, दहास एक, खलून लावा. पसरली असेल तर आयव्हरमेक्टिन. एक टक्क्याचं इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिली, म्हणजे २५ किलोच्या बकरीला अर्धा मिली, चामडीखाली. नसेत नाही, मांसात नाही. "जरा जास्त टोचलं तर लवकर बरी होईल" हा हिशेब चुकीचा आहे, वाढतं ते फक्त मटणातलं औषध. दहा-चौदा दिवसांनी दुसरा डोस, कधी तिसराही. डोस डॉक्टरांकडूनच घ्या. मी आकडा दिलाय तो इतक्यासाठी, की कुणी दोन मिली भरायला लागला तर तुम्ही त्याचा हात धरावा.

अंगावरच्या किड्यांसाठी फवारायचं अमित्राझ असेल तर १२.५ टक्क्यांचं खरजेला साधारण ४ मिली आणि गोचिडाला २ मिली एका लिटर पाण्यात, पण शेवटी डबीवर लिहिलेलं खरं. फवारण्याआधी बकऱ्यांना पोटभर पाणी पाजा, नाहीतर अंग चाटतात. दुपारच्या कडक उन्हात नको, लहान करडांवर नको.

आता खानदेशातला खास धोका. घरात कपाशीचं औषध पडलेलं असतं, मग तेच चार थेंब बादलीत. हे करू नका. शेतातलं औषध चामडीतून रक्तात जातं. लाळ, थरथर, बुबुळ बारीक, आणि तासाभरात बकरी आडवी. जळकं ऑइल चोपडण्याचंही तसंच, किडा गुदमरतो म्हणतात, पण बकरी ते चाटते आणि यकृत जातं. कपाशीची वेचणी संपली की शेतात बकऱ्या सोडायला सांगतात, बोंडअळी कमी व्हायला ते चांगलंच आहे, पण शेवटची फवारणी कधी झाली हे शेतमालकाला विचारूनच सोडा.

मटण खायचं का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. नवसाचा बोकड आहे, जत्रा तोंडावर आली आहे, आणि अंगावर चट्टे.

उवा, गोचीड, खरजेचा किडा हे सगळे चामडीचे रहिवासी. ते मांसात जात नाहीत, मटण खाऊन माणसाला खरूज होत नाही. चामडी सोलणाऱ्याला मात्र हातांना खाज सुटू शकते. बकरीच्या खरजेचा किडा माणसाच्या कातडीत काही दिवस त्रास देतो, मग आपोआप मरतो. सोलताना मोजे, आणि वर सांगितलेल्या काँगो तापामुळे ताज्या रक्ताशीही सावधपणे.

मटणाला खरा अडसर औषधाचा. आयव्हरमेक्टिन चरबीत आणि यकृतात बरेच दिवस टिकतं. इंजेक्शननंतर किती दिवस कापायचं नाही ते लेबलवर असतं. मेंढीसाठी ते काही ठिकाणी ४२ दिवस धरतात, म्हणून मी सहा आठवड्यांच्या आत कापू नका असंच सांगतो. दुधाच्या बकरीला द्यायचं तर डॉक्टरांना आधी सांगा. गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख आणि औषध लिहून ठेवा. बोकड विकताना ती तारीख घेणाऱ्याला सांगा, आणि विकत घेताना विचारा.

बोकड खंगलेला असेल, उभं राहवत नसेल, ताप असेल, तर कापू नका. अशा जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी पांढरी घट्ट न राहता पातळ, चिकट, पाणीदार होते, मांसही पाणी सोडतं. ते टाकून द्यायचं.

कापल्यावर कलेजी आणि फुप्फुस हातात घेऊन बघा. कलेजीच्या नळ्यांत पानासारखे चपटे कृमी निघाले तर कलेजी टाका, बाकी मांस शिजवून चालतं. कलेजीवर किंवा फुप्फुसावर पाण्याने भरलेल्या टणक पिशव्या दिसल्या तर त्या कापूही नका आणि कुत्र्यालाही टाकू नका. कुत्र्याच्या पोटात त्यांचा जंत होतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात आणि तिथून पोरांच्या पोटात जातात. खोल पुरा, वर दगड ठेवा. गावठी कुत्री उकरतात.

आपल्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा तास-दीड तास शिजतो, त्याला भीती नाही. भीती निखाऱ्यावर अर्धवट भाजलेल्या कलेजीची. कच्च्या मटणातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा डोळ्याला न दिसणारा जंतू गर्भवतीच्या बाळाला घातक असतो, म्हणून घरात पोटुशी असेल तर तिच्या ताटात नीट शिजलेलंच.

रानातलं जनावर केस गेलेलं दिसलं तर

यावल अभयारण्याच्या कडेच्या गावांत हेही विचारतात: केस गेलेला नीलगाय, रोडावलेला चिंकारा शेतात येऊन बसला आहे. सांबराच्या गळ्याखाली थंडीच्या दिवसांत लालसर, ओला, बिनकेसांचा डाग येतो. तो नेहमी रोग नसतो, माजाच्या काळात कितीतरी सांबरांना दिसतो. पण अंगभर केस गेलेलं, माणूस जवळ गेला तरी न पळणारं जनावर आजारी आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९६ पासून काळशेपट्या हरणांचे केस बाहेरून आलेल्या उवांमुळे झडू लागले. तिथे परवान्याने शिकार होते, म्हणून मांस खावं का हा प्रश्न तिथे रास्त आहे, आणि केस झडले म्हणून मांस नासत नाही हेच त्याचं उत्तर. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. काळवीट, चिंकारा मारणं तर सोडाच, मेलेल्याचं मांस घरात सापडलं तरी गुन्हा. काळवीट-चिंकाऱ्यासाठी तीन ते सात वर्षं कैद. सापडलेलं मेलेलं हरीण कशाने मेलं हे माहीत नसतं, ते निराळंच.

जनावर हाकलू नका, पाणी पाजायला जवळ जाऊ नका, बकऱ्या त्या रानात दोन-तीन आठवडे सोडू नका. खरूज दोन्ही बाजूंनी जाते. स्पेनच्या काझोर्ला डोंगरात १९८७ साली रानबकऱ्यांत खरूज शिरली आणि कळपातल्या शंभरातल्या पंच्याण्णव मेल्या. ती पाळीव बकऱ्यांकडून आली असा संशय होता. वनरक्षकाला कळवा, नाहीतर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

इथे हात थांबवा, डॉक्टर बोलवा

अंगावर गाठी किंवा फोड आणि सोबत १०४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप: बकऱ्यांची देवी असू शकते, कळप वेगळा करा आणि त्याच दिवशी कळवा. दोन डोस होऊनही खरूज पसरतेय. बकरी गाभण आहे. करडांना पापणी पांढरी आणि जबड्याखाली सूज. औषध मारल्यावर लाळ गळतेय किंवा थरथर होतेय: इथे मिनिटांचा हिशेब, अंगावरचं औषध साध्या पाण्याने धुवा आणि डबी हातात घेऊनच फोन करा. घरातल्या माणसांना खाज सुटली तर त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे.

जनावर अचानक मेलं आणि नाकातून किंवा गुदातून न गोठणारं काळसर रक्त येतंय, तर त्याला फाडू नका, सोलू नका, मटणाचा तर विचारही नको. तो अँथ्रॅक्स असू शकतो. कुत्री-कावळ्यांपासून राखण करत डॉक्टरांची वाट बघा.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. फोन करताना इतकं तयार ठेवा: किती बकऱ्यांना, केस कुठले गेले, खाज आहे की नाही, पापणीचा रंग, चाऱ्यात नवीन काय, आधी कोणतं औषध किती आणि कधी दिलं. औषधाची रिकामी बाटली फेकली असेल तर उकिरड्यावरून शोधून आणा. नावापेक्षा तिच्यावरचा टक्क्यांचा आकडा डॉक्टर आधी विचारतात.